परत आलेला कागद

दरवर्षी परीक्षा संपल्या की शेवटच्या वर्षाची तीन-चार मुले अध्यापकांच्या खोलीच्या दाराशी घुटमळताना दिसतात. आत यावे की न यावे अशा विचारात थोडा वेळ जातो आणि मग त्यांतला एक धीट पुढे होऊन विचारतो, "सर, हरिश्चंद्रगडाला कुठल्या वाटेनं जावं?" मी वाट सांगतो, पाणी कुठे मिळेल ते सांगतो आणि शेवटी न विचारलेला सल्लाही देतो : "जायचं तर याच वर्षी जा. पुढल्या वर्षावर ढकलू नका." मुले माना डोलावतात. मास्तर लोकांना असे काहीतरी बोलण्याची सवयच असते, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. त्या सल्ल्यामागची हकीकत मी त्यांना कधी सांगितलेली नाही. ती आज सांगतो.

२००१ सालचा मे महिना. आम्ही चौघे डोंबिवलीचे. चौघेही लहानपणापासून एका गल्लीतले. त्यांतला एक इंजिनिअर झाला होता. संगणकाच्या एका कंपनीने त्याला नेमणुकीचे पत्र दिले होते. पण त्या वर्षी तो धंदाच मंदावला आणि रुजू होण्याची तारीख महिन्यामहिन्याने पुढे सरकू लागली. त्याला आम्ही 'तारीख' म्हणू लागलो. दुसरा बी. कॉम. होऊन वडिलांच्या किराणा दुकानात बसायला लागला होता. प्रवासाची पैशांची पिशवी आणि हिशेबाची वही अर्थातच त्याच्याकडे. म्हणून तो 'खजिनदार'. तिसरा आमचा 'पंडित'. तो आणि मी एम. ए.ला मराठी घेऊन दोन वर्षे एका बाकावर बसलो. ज्ञानेश्वरीच्या शे-दीडशे ओव्या त्याला सहज पाठ होत्या. वर्गात पहिला नंबर त्याचा, दुसरा माझा, हे इतके ठरलेले होते की त्याचे मला वाईटही वाटत नसे. निदान माझी तशी समजूत होती.

माणशी अडीचशे रुपये जमा करून आम्ही पहाटे कल्याणच्या स्टँडवर नगरकडे जाणारी एसटी पकडली. मुरबाड मागे पडले, माळशेज घाटाची वळणे सुरू झाली आणि गाडीने खुबी फाट्यावर उतरवले तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. तिथून पायी खिरेश्वर. गावाबाहेरचे नागेश्वराचे जुने देऊळ पाहून आम्ही टोलार खिंडीची चढण धरली. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ आहे. त्याच्यापाशी बसून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि त्याच बैठकीत निम्मे पाणी संपवले. शहाणपणाचे वय ते नव्हे.

खिंडीच्या वरचा कातळाचा टप्पा चढून गेले की गड आला असे नवख्याला वाटते. तो काही येत नाही. एक टेकाड चढावे, उतरावे, तर पुढे दुसरे उभेच! त्यांतल्या कुठल्याशा टेकाडावर आमची वाट चुकली. पाणी संपले. खजिनदाराने तारखेला दोष दिला, तारखेने मला, मी पंडिताला. दुपारी दोनच्या उन्हात आम्ही एकमेकांना असे काही बोललो की ते इथे लिहिण्याजोगे नाही. एवढ्यात करवंदांची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई जाळीतून पुढे आली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "भांडू नका रं पोरांनो, देऊळ हितंच हाय." तिने ओंजळ ओंजळ करवंदे दिली आणि अर्ध्या तासात आम्हांला देवळापाशी आणून सोडले. खजिनदाराने दहाची नोट पुढे केली, तर ती म्हणाली, "ठिव तुला. परतीच्या गाडीला लागंल." ती बाई आमच्या वहीतला हिशेब वाचूनच आली होती की काय, कोण जाणे!

हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथे बोलणे सुचत नाही. उंच शिखराचे काळ्या पाषाणाचे मंदिर डोंगराच्या कुशीत उभे आहे; शेजारून मंगळगंगेचा ओढा उगम पावतो; जवळच पुष्करणी आणि तिच्या काठाला मूर्तींसाठी कोरलेल्या देवळ्या. थोडे खाली गेले की केदारेश्वराची गुहा. आत भले मोठे शिवलिंग, भोवती चार खांब. त्यांतला एकच आज अखंड उभा आहे. बाहेर मे महिना भाजून काढत होता आणि गुहेतल्या छातीभर पाण्यात पाय घालताच दातांवर दात वाजू लागले. आम्ही चौघांनी हातात हात धरून पिंडीला प्रदक्षिणा घातली. दुपारचे भांडण त्या पाण्यातच विरघळले.

रात्री गुहेत मुक्काम केला. तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजली. खालून करपली, वरून कच्ची राहिली. जेवणानंतर पंडिताने चांगदेवाचा विषय काढला. चांगदेवाने या गडावर तप केले, 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच लिहिला, असे सांगतात. ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणारा चांगदेव हाच की दुसरा, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पण आम्हांला ती कोऱ्या पत्राचीच गोष्ट हवी होती. समोरचा वयाने लहान, पण अधिकाराने मोठा. मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून योग्याने कागद कोराच धाडला! पंडिताने ती कथा अशी काही सांगितली की हिशेब लिहिणारा खजिनदारसुद्धा पेन्सिल खाली ठेवून ऐकू लागला. असा शिक्षक वर्गाला मिळाला तर, असे माझ्या मनात आले. त्याच्या मागोमाग दुसरे जे आले ते सांगायला आज लाज वाटते : हा असेपर्यंत मला जागा कोण देणार?

कारण आठवड्यापूर्वीच वर्तमानपत्रात एक जाहिरात आली होती. तालुक्याच्या गावचे एक महाविद्यालय, मराठीच्या अधिव्याख्यात्याची एक जागा. तिचे कात्रण पंडिताच्या खिशात होते. ते मी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही कोकणकड्यावर गेलो. कोकणकडा हे नुसते डोंगराचे टोक नव्हे. नालाच्या आकाराची ती प्रचंड भिंत आतल्या अंगाला वळली आहे; पोटावर झोपून डोके बाहेर काढले तर खाली कड्याचे पाऊलही दिसत नाही, दिसते ते एकदम कोकण. एकाने झोपायचे, दोघांनी त्याचे पाय धरायचे, अशा पाळीने आम्ही पाहून घेतले. वारा खालून वर येत होता. तारखेने गंमत म्हणून वाळलेली पाने खाली टाकली, तर ती उलटी डोक्यावरून मागे गेली.

सूर्य टेकला तसा पंडित म्हणाला, "एक तारखेपासून मी अंबरनाथच्या कारखान्यात लागतोय. स्टोअरमध्ये. मामांनी शब्द टाकला."

त्याच्या वडिलांना फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला होता. मागे दोन बहिणी लग्नाच्या. आम्हांला सारे ठाऊक होते. तरी कुणी काही बोलेना. मग तारीख म्हणाला, "वर्षभर काढू की कसंतरी. आम्ही आहोत ना?" खजिनदारानेही मान हलवली. मी मात्र गप्प बसलो. मीच बोलायला हवे होते, कारण तो काय सोडून देत होता हे तिथे फक्त मला कळत होते.

पंडिताने खिशातून ते कात्रण काढले, चुरगळले आणि कड्यावरून भिरकावले. वाऱ्याने ते उचलले, आमच्या डोक्यांवरून नेले आणि मागे गवतात टाकले. उठताना मी मागे रेंगाळलो. कागद उचलला, सारखा केला आणि खिशात घातला.

त्या जाहिरातीला मी अर्ज केला. मला जागा मिळाली. पुढे शहरातल्या महाविद्यालयात आलो. परंतु सुरुवात त्या कागदाने झाली. तारखेला अखेर तारीख मिळाली आणि तो सातासमुद्रापार गेला. खजिनदाराने दुकान वाढवले. पंडित त्याच कारखान्यात स्टोअरचा प्रमुख झाला. आमच्या भेटी होत, दिवाळीला फराळाची ताटे जात-येत. पण त्या कागदाविषयी मी त्याच्याशी चकार शब्द काढला नाही. वीस-बावीस वर्षे मी त्याला कोरेच पत्र धाडत होतो म्हणा ना.

२०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही दोघेच पुन्हा गडावर गेलो. आता खिरेश्वरला धरणाच्या पाण्याकडेने जावे लागते, कातळाच्या टप्प्याला लोखंडी कठडे आहेत, वर गावकऱ्यांच्या झोपड्यांतून गरम पिठले-भाकरी मिळते आणि कोकणकड्यावर शनिवारी तंबूंची वसाहत उठते. गुडघे कुरकुरत होते. कडा तेवढा तसाच होता.

तिथे मी त्याला सांगितले. सारे सांगितले, गुहेतल्या रात्री मनात आलेलेसुद्धा.

तो थोडा वेळ खाली कोकणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी पाहिलं होतं. तू उचललास ते."

"आणि काही बोलला नाहीस?"

"काय बोलणार? मी टाकलेला कागद होता. पण राग आला होता, खोटं कशाला सांगू. सहा महिने मी तुझ्याकडे फिरकलो नाही, आठवतं? तुला वाटलं, कामात असेन."

"मग?"

"मग ताईचं लग्न निघालं. तू तीन पंगती वाढत होतास, घामानं निथळत. वाढणाऱ्यावर किती दिवस रागावणार, लेका?"

एवढे बोलून तो हसला आणि त्याने पिशवीतून चिवड्याची पुडी काढली. मी त्याला माझ्या वर्गावर येऊन एकदा ज्ञानेश्वरी शिकव म्हटले. जानेवारीत तो आला. कोऱ्या पत्राची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरे उठली नाहीत. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो. पहिला नंबर अजून त्याचाच होता, आणि या खेपेस त्याचे मला खरोखरच वाईट वाटले नाही.

तेव्हा मुले वाट विचारायला आली की मी सांगतो : पाणी भरपूर घ्या, वाट चुकली तर भांडू नका, आणि चौघे असाल तर याच वर्षी जा. कोण काय सोडून देतो आहे आणि कोण काय उचलतो आहे, ते अशा ठिकाणी दिसते. पुढे आयुष्यभर त्याचा हिशेब करायला वेळ असतोच.