नकाशात नसलेले गाव : मालगुडी

मालगुडी नावाचे गाव भारताच्या नकाशात कुठेही नाही. तरीही ते पाहण्यासाठी पर्यटक कर्नाटकात जातात. कुणी आगुंबेचा घाट चढतात, कुणी अरसाळूच्या छोट्याशा रेल्वे स्थानकावर उतरतात, तर कुणी म्हैसूरच्या यादवगिरी भागात एका जुन्या दुमजली घराचा पत्ता विचारतात. आर. के. नारायण यांनी कागदावर वसवलेल्या या गावाने कादंबरीतली माणसे कशी घडवली, हे या तीन ठिकाणी हिंडताना हळूहळू उमगत जाते.

पावसातले मालगुडी

उडुपीकडून येताना सोमेश्वर मागे पडले की घाट लागतो. एकामागून एक अशी चौदा अवघड वळणे घेत बस वर चढते आणि दाट जंगलातून एकदम आगुंबेच्या घाटमाथ्यावर येते. शिमोगा, म्हणजे आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यातील तीर्थहळ्ळी तालुक्यातले हे टुमदार गाव. येथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणून याला दक्षिणेचे चेरापुंजी म्हणतात. आसपासचे रान नागराजासाठी प्रसिद्ध आहे.

गावाच्या मुख्य रस्त्यावर 'दोड्डमने' उभे आहे. कन्नडमध्ये दोड्डमने म्हणजे मोठे घर. शंभर वर्षांहून जुना हा वाडा. मध्ये चौक, भोवती लाकडी खांब आणि वर कौले. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या वाड्यात बालपण गेलेल्या माणसाला येथे पाऊल टाकताच ओळख पटल्यासारखे वाटते. दूरदर्शनवर १९८६ साली 'मालगुडी डेज' ही मालिका सुरू झाली, तेव्हा छोट्या स्वामीचे घर म्हणून हाच वाडा घरोघरी पोहोचला. दिग्दर्शक होते शंकर नाग. कन्नड चित्रपटसृष्टीतला हा गुणी कलावंत मराठी प्रेक्षकांना '२२ जून १८९७' या चित्रपटामुळेही ठाऊक आहे. १९९० साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे अकाली निधन झाले. स्वामीच्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड होते आणि मालिकेच्या सुरुवातीची रेखाचित्रे होती आर. के. लक्ष्मण यांची. मुंबईत 'कॉमन मॅन'ला जन्म देणारे आणि अखेरची वर्षे पुण्यात काढलेले लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे बंधू.

गंमत अशी, की पुस्तकातले मालगुडी आगुंबेसारखे मुळीच नाही. ते सपाटीवरचे, उन्हाने तापणारे गाव आहे. त्याच्या कडेने सरयू नदी वाहते, संध्याकाळी तिच्या वाळूवर लोक फिरायला येतात आणि मेंपीचे डोंगर दूरवर दिसतात. शिवाय आगुंबेला रेल्वे नाही. मालगुडीचे तर स्थानकावाचून चालायचे नाही! म्हणून स्थानकाची दृश्ये शिमोग्याहून सागरकडे जाणाऱ्या मार्गावरच्या अरसाळू येथे चित्रित झाली. तेथील जुन्या इमारतीत रेल्वेने २०२० साली 'मालगुडी म्युझियम' उघडले आहे. घाटमाथ्यावरचे घर आणि दूरचे स्थानक असे दोन तुकडे जोडून तयार झालेले हे गाव प्रेक्षकांना मात्र अगदी खरे वाटले. नारायण यांनाही ही मालिका आवडली होती.

खोटे गाव खरे वाटावे, असे त्यात काय होते? त्याचे उत्तर स्वामीपाशीच आहे. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही नारायण यांची पहिली कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला दहा वर्षांचा स्वामी आधी मिशनच्या शाळेत जातो. तेथले धर्मशिक्षण देणारे मास्तर त्याच्या देवांची टर उडवतात. संध्याकाळी सरयूच्या काठी सभा भरते, परदेशी कापडाची होळी पेटते आणि उत्साहाच्या भरात स्वामी आपली टोपी त्या होळीत फेकतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडक्यांवर दगड मारतो आणि अखेर दुसऱ्या शाळेत जाऊन पडतो. पण याच पोराला पोलीस अधिकाऱ्याचा रुबाबदार मुलगा राजम जीव की प्राण वाटतो आणि साहेबांच्या क्रिकेटचे तर त्याला वेडच आहे. घरात आजीची कुशी, शाळेत इंग्रजी शिस्त, रस्त्यावर स्वदेशीची घोषणा आणि मैदानावर क्रिकेट, अशा चौफेर ओढाताणीतून स्वामीचा स्वभाव आकार घेतो. मालिकेने नदी-डोंगर बदलले, पण ही ओढाताण जशीच्या तशी ठेवली.

स्टेशनने दिलेले नाव

अरसाळूच्या फलाटावर फार गर्दी नसते. गाडी येते, चार माणसे उतरतात, चार चढतात आणि पुन्हा शांतता पसरते. अशा स्थानकावर थोडा वेळ बसले, की 'द गाइड'मधला राजू समजायला सोपा जातो.

राजूच्या वडिलांचे रस्त्याकडेला छोटेसे दुकान असते. समोरच्या माळावर एक दिवस रेल्वेचे काम सुरू होते, रूळ पडतात, स्थानक उभे राहते आणि त्याच स्थानकात वडिलांना दुकान मिळते. पुढे ते राजूकडे येते. पुड्या बांधण्यासाठी घेतलेली जुनी पुस्तके आणि रद्दी वाचून राजू शहाणा होतो. गाडीतून उतरणारे परगावचे लोक त्याला काहीबाही विचारतात. 'मला माहीत नाही' असे म्हणणे राजूच्या स्वभावातच नाही. तो ठोकून उत्तरे देतो, पडक्या अवशेषांचे वयदेखील लहरीप्रमाणे सांगतो. पाहता पाहता लोक त्याला 'रेल्वे राजू' म्हणू लागतात आणि दुकानदाराचा मुलगा वाटाड्या होतो. हा धंदा त्याने निवडलेला नाही, स्टेशनने आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो त्याच्या अंगावर घातला आहे.

'द फायनान्शियल एक्स्पर्ट' या १९५२ सालच्या कादंबरीतल्या मार्गय्याचेही तसेच. हा गृहस्थ सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि खेड्यातून आलेल्या शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देतो. त्याचे जन्माचे नाव वेगळेच होते, पण वाट दाखवणारा म्हणून लोकांनी त्याला मार्गय्या केले. आपल्याकडे कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे अर्जनवीस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा माणूस परका वाटणार नाही. त्या वडाखालून मार्गय्याला उठवले, तर तो कोण उरेल?

राजूच्या बाबतीत तर हा खेळ पुढे जीवघेणा होतो. पुरातन चित्रांच्या नादात बुडालेल्या मार्कोची बायको रोझी ही नृत्यासाठी तळमळणारी स्त्री. ती अर्थशास्त्रात एम. ए. झालेली आहे, पण देवळात नाचणाऱ्या घराण्यात जन्मली म्हणून समाजाच्या लेखी तिची ओळख जन्मानेच ठरलेली आहे. मालगुडीत उतरताच तिला नागराज पुंगीवर डोलताना पाहायचा असतो. राजू तिला नर्तकी म्हणून नावारूपाला आणतो, पैशाच्या धुंदीत तिची खोटी सही करतो आणि तुरुंगात जातो. सुटून आल्यावर नदीकाठच्या एका ओसाड देवळाच्या पायऱ्यांवर तो नुसता विसावतो. तेवढ्यात मंगल गावचा वेलन येतो आणि त्याला साधू समजून हात जोडतो. स्टेशनावर प्रवाशांनी त्याला वाटाड्या केले, येथे खेडुत त्याला स्वामी करतात. पुढे दुष्काळ पडतो. राजूचा एक निरोप वेलनचा अर्धवट भाऊ भलताच सांगतो आणि पाऊस पडेपर्यंत स्वामी उपास करणार, अशी हाक गावोगाव जाते. राजू वेलनला आपला सारा खरा इतिहास सांगून टाकतो, पण वेलनची श्रद्धा तसूभरही ढळत नाही. आता लोकांनी दिलेले रूप झुगारायचे की खरे करून दाखवायचे, हा प्रश्न राजूच्या प्राणावर येतो.

गाव बदलले आणि माणूसही

या कथेची बीजे म्हैसूरच्याच मातीत आहेत. एका वर्षी तेथे भीषण दुष्काळ पडला होता. कोरड्या पडलेल्या कावेरीच्या पात्रात गुडघाभर पाण्याची सोय करून काही ब्राह्मण उपाशीपोटी अकरा दिवस मंत्र म्हणत उभे राहिले आणि बाराव्या दिवशी पाऊस आला, असे नारायण यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द गाइड'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी लेखनाला मिळालेला तो पहिलाच अकादमी पुरस्कार.

मग आला देव आनंद आणि वहिदा रेहमान यांचा 'गाइड'. १९६५ सालच्या या चित्रपटावर विजय आनंद यांच्या दिग्दर्शनाची छाप आहे. त्याची गाणी आजही घराघरांत ऐकली जातात. नारायण मात्र नाराज होते. चित्रपटवाल्यांना त्यांनी म्हैसूरच्या आसपास हिंडवून कावेरीकाठच्या आपल्या मनातल्या जागा दाखवल्या होत्या. परंतु रंगीत, भव्य पडद्याला त्या पुरेशा वाटल्या नाहीत आणि सगळे राजस्थानात गेले. मालगुडी नावाचे गाव मुळात आहेच कुठे, असे लेखकालाच ऐकवण्यात आले! नारायण यांनी या अनुभवावर खुसखुशीत पण बोचरा लेख लिहिला. आणि नियतीचा विनोद पाहा, उत्कृष्ट कथेचे फिल्मफेअर पारितोषिक याच चित्रपटासाठी त्यांना मिळाले.

उदयपूरचे सरोवर आणि चितोडगडचा विजयस्तंभ पाहिलेल्या कुणालाही चित्रपटातली दृश्ये मोहवतील यात शंका नाही. पण तेथला राजू वेगळा माणूस आहे. उदयपुरात दाखवण्यासारखे इतके आहे, की वाटाड्याला काही रचून सांगावे लागत नाही. मालगुडीत पाहण्यासारखे फारसे नाही, म्हणून तेथल्या राजूला रोज नवी थाप मारावी लागते. जे नाही ते आहे असे भासवण्याची ही सवयच त्याला पुढे साधूच्या आसनावर घेऊन जाते. राजवाड्यांच्या गावी ही सवय लागायचे कारणच उरत नाही. शेवटही त्यामुळे निराळा झाला. चित्रपटात पाऊस कोसळतो आणि राजू संतपदाला पोहोचून देह ठेवतो. कादंबरीत तो पाण्यात उभा असताना, डोंगरात पाऊस पडतो आहे, असे पुटपुटत कोसळतो. पाऊस खरोखर आला की नाही, हे लेखक सांगत नाही.

मालिकेनेही गाव बदलले होते, मग ती का जमली? कारण तिने केवळ झाडे-डोंगर बदलले. ज्या छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांत आपले प्रतिबिंब दिसते, ते गाव तिने राखले. चित्रपटाने कथा राखली आणि गाव सोडले.

आठ खिडक्यांची खोली

म्हैसूरच्या यादवगिरीतले नारायण यांचे घर आता संग्रहालय आहे. त्यांचे चष्मे, कपडे, पुस्तके आणि मानचिन्हे तेथे मांडली आहेत. पण पाहण्यासारखी खरी जागा आहे ती वरची, आठ खिडक्यांची खोली. तेथून एकेकाळी चामुंडी टेकडीवरचे मंदिर, शहरातले घुमट आणि मनोरे, माळावर चरणारी गुरे आणि उतारावरून धावणारी आगगाडी असे सगळे दिसे. दृश्य इतके सुंदर, की लेखकाचे लिहिण्यात लक्षच लागेना! अखेर नारायण यांनी पडदा लावून टेबलाजवळची मोठी खिडकी झाकली, तेव्हा कुठे रोजचे हजार शब्द होऊ लागले.

हे ऐकून पाहणारा क्षणभर चक्रावतो. ज्याने गावाला एवढे महत्त्व दिले, त्याने गावाकडेच पाठ फिरवावी? परंतु नारायण यांचे गाव खिडकीतून दिसणारे नव्हतेच. ते रोज बाजारातून फिरत, दुकानदार, वकील, कारकून यांच्याशी रस्त्यात उभे राहून गप्पा मारत. ते सारे मनात साठलेले असे. म्हणूनच 'द गाइड' त्यांनी लिहिली ती म्हैसूरपासून हजारो मैल दूर, अमेरिकेत बर्कले येथील एका हॉटेलच्या खोलीत बसून. एकदा माणसात भिनलेले गाव त्याच्याबरोबर सातासमुद्रापार जाते. नोकरीनिमित्त दिल्ली, इंदूर किंवा बंगळुरूला जन्म काढलेल्या आणि तरी श्रावणी सोमवारी न चुकता माहेरच्या देवळाची आठवण काढणाऱ्या आजींना हे वेगळे सांगायला नको.

हे घरही मोठ्या संकटातून वाचले आहे. २०११ साली ते पाडायला सुरुवात झाली होती. म्हैसूरकरांनी आणि वाचकांनी आवाज उठवल्यावर पाडकाम थांबले, वास्तूला वारशाचा दर्जा मिळाला, डागडुजी झाली आणि २०१६ साली ती लोकांसाठी खुली झाली. कागदावरच्या गावाने खरे घर वाचवल्याचे हे उदाहरण तसे विरळाच.

कसे जाल?

आगुंबेसाठी कोकण रेल्वेने उडुपीला उतरावे. तेथून घाटमार्गे बस आणि टॅक्सी मिळतात. शिमोग्याहूनही रस्ता आहे. पावसाळ्यात जळवा आणि निसरड्या वाटा यांची तयारी ठेवावी. लहान मुले बरोबर असतील, तर हिवाळा उत्तम. अरसाळूसाठी शिमोग्याहून तालगुप्प्याकडे जाणारी गाडी धरावी. ती गाडी तेथे थांबते का, हे आधी विचारून घ्यावे. म्हैसूर बंगळुरूपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. राजवाडा आणि चामुंडी टेकडी पाहून झाल्यावर यादवगिरीसाठी दोन तास राखून ठेवावेत. आणि निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी स्वामीची एखादी तरी गोष्ट जरूर वाचावी, नाहीतर अरसाळूचा फलाट हा नुसताच एक फलाट वाटेल.