चौकोनातले पॉड

मँडरिन मासा उपाशी आहे का, हे समोरून कळत नाही. वरून वाकून बघावं लागतं. डोक्यामागे पाठीच्या दोन्ही अंगांना खळगे दिसू लागले म्हणजे फार उशीर झालेला असतो. समोरून तोच मासा तितकाच देखणा दिसतो. निळ्यावर नारिंगी नागमोडी पट्टे, हिरवट गाल, पंख्यासारखे पर. भूक त्याच्या रंगावर उमटत नाही. हे मला २१ वर्षं ठाऊक आहे, आणि तरी गेल्या मे महिन्यात, ठाण्यातल्या माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर मादी उपासाने गेली.

मरीन टँक सांभाळणाऱ्याला खाऱ्या पाण्याचं गणित सांगायला नको. माझं घोडं कायम अडलं ते पॉडपाशी, म्हणजे मँडरिनचं खाणं असलेल्या कोपेपॉड या बारीक जिवांपाशी. बोटाएवढा हा मासा उजाडल्यापासून दगडावर टिपत फिरतो. टिपायचं, दोन क्षण थांबायचं, डोळे गरागरा फिरवायचे, पुन्हा टिपायचं. एकदा पोटभर खाऊन दिवस काढणं त्याला जमतच नाही. आणि टिपतो काय, तर खसखशीएवढे आणि त्याहून बारीक पॉड. म्हणून मी आधी पॉड पाळले. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांच्या खाण्यासाठी हिरव्या पाण्याच्या बाटल्या, बाल्कनीच्या दाराशी टिस्बे जातीच्या पॉडचा टब. उन्हाळ्यात दोन दिवस अंगाची लाही झाली की टबाला वास मारतो आणि सगळं कल्चर बसतं. मग परत चमचाभर बियाण्यापासून सुरुवात. पत्नीने या बाटल्यांना जागा दिली आणि एकदाही कुरकुर केली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

टँकमध्ये पॉड किती उरलेत, हा खरा प्रश्न. त्यावर मी एक उपाय काढला होता. काचेवर बाहेरून मार्करने चार इंचांचा चौकोन आखला. दिवे गेल्यावर दोन तासांनी बॅटरीला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून त्या चौकोनात जेवढे ठिपके सरकताना दिसतील तेवढे मोजायचे आणि वहीत लिहायचे. ३०च्या खाली आकडा आला की टबातून भर घालायची. या मोजणीवर मी नर सहा वर्षं जगवला. पुण्याहून, नाशिकहून लोक टँक बघायला यायचे, तेव्हा मी आधी वही काढायचो, मासा नंतर दाखवायचो. त्या वहीचा मला फार गर्व होता.

गेली दोन वर्षं त्या वहीत अंदाज आहेत. लाल उजेडात ठिपके दिसेनासे झाले होते, आणि मी ४०, ४५, ४० असं लिहीत गेलो. खालच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी रोज रात्री माझ्याबरोबर काचेशी बसायची. मे महिन्यात एकदा ती म्हणाली, "आजोबा, सातच आहेत." मी म्हणालो, "तुला अजून बघायची सवय नाही, बाळा." वहीत ४० लिहिले. चार दिवसांनी ती स्टुलावर चढून वरून बघत म्हणाली, "हिच्या पाठीला खड्डे पडलेत." मी तिला स्टुलावरून उतरायला सांगितलं. मादी दिसायला बारीक असतेच, असंही म्हणालो. मादी त्यानंतर अकरा दिवस जगली.

हीच ती मादी. एकदा तिन्हीसांजेला, दिवे मंद होत असताना, ती आणि नर दगडाआडून निघाले आणि गालाला गाल लावून हळूहळू वर चढले. पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर अंतरावर क्षणभर थबकले आणि दोन दिशांना फुटले. मागे धुरासारखी अंडी तरंगत राहिली. माझं नाक काचेला टेकलेलं होतं. अंड्यांतून काही हाती लागलं नाही, पण अंडी धरण्याइतकं तिचं पोट मी भरलं होतं, याचा आनंद मला वर्षभर पुरला.

ऑगस्टमध्ये मोतीबिंदू काढला. घरी आल्यावर टँकपुढे बसलो आणि नराचा निळा बघून हातपाय गार पडले. तो विटलाय असं मी दीड वर्ष धरून चाललो होतो. त्यापायी दोनदा दिवे बदलले, दुकानदाराशी वाद घातला. बुबुळामागचं पिकलेलं भिंग निळा रंग गाळून टाकतं, एवढंच त्यात होतं. मोरपिसाचा, खंड्याच्या पंखाचा निळा हा पिसाच्या घडणीतून उमटणारा प्रकाशाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र निळ्या रंगद्रव्याच्याच पेशी असतात. १९९५ साली जपानी संशोधकांनी त्या दाखवून दिल्या. असा अस्सल निळा घरात असून मी त्याला विटका म्हणत होतो.

दुकानात आजही सांगतात, फ्रोझन खाईल, काळजी नको. काही मासे खातातही. पण दिवसभर टिपणाऱ्याला दोन वेळचं ताट वाढून भागत नाही; असे मासे मी महिनोन्‌महिने झिजताना पाहिले आहेत. टँक लावून तीन महिने झाले नाहीत तोच मँडरिन आणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यातले बरेचजण तो गेला की दुसरा आणतात. पूर्वी मी त्यांना चारचौघांत सुनवायचो. आता तोंड उघडताना वहीतले ते चाळिसाचे आकडे आठवतात.

नवी मादी मी आणलेली नाही. जवळचं बघायला चष्मा आलाय, तरी लाल उजेडातले ठिपके मला नीट लागत नाहीत. मोजणी आता ती मुलगी करते, मी बॅटरी धरतो. कालची नोंद तिच्या अक्षरात आहे: ३६.