फाटकावरचा शब्द

बेळगावात कोणाला पत्ता सांगावयाचा झाला, तर रेल्वे गेटांचा आधार घेतल्यावाचून चालत नाही. टिळकवाडीतील पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट ही नावे आमच्याकडे गल्ल्यांच्या नावांइतकीच रुळलेली आहेत. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला, तरी त्या जागेचे नाव काही बदलले नाही. 'गेट पडले होते' ही सबब तर शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांनी आणि प्रसंगी शिक्षकांनीही वर्षानुवर्षे वापरली आहे. आणि मुख्याध्यापकालाही ती नाकारता येत नाही, कारण पुष्कळदा तो स्वतः त्याच गेटावर अडकून आलेला असतो.

गेट पडले की आपण घड्याळाकडे पाहतो, गाडीच्या दिशेकडे पाहतो, शेजारच्या स्कूटरवाल्याकडे पाहून कपाळाला आठ्या घालतो. ज्या माणसाने ते पाडले, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. गेट लावावे आणि उघडावे, एवढेच त्याचे काम. त्यात शिकवण्यासारखे ते काय असणार, असा सर्वसामान्य समज आहे. या कामाचे रीतसर शिक्षण असते, परीक्षा असते, लायकीचा दाखला असतो, आणि काही वर्षांनी पुन्हा उजळणीला जावे लागते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी येते?

माझा एक जुना विद्यार्थी खानापूरच्या बाजूला गेटमन आहे. प्रशिक्षण आटोपून तो गावी आला, तेव्हा वही काखेत मारून आमच्या घरी आला. नियम त्याला हिंदीतून आणि कन्नडमधून सांगितले गेले होते, आणि त्या दोन्ही भाषा त्याला उत्तम येतात. तरीही त्याला ते सारे मराठीत उतरवून हवे होते. "अर्थ कळतोय सर," तो म्हणाला, "पण मनात मराठीतनं बसल्याशिवाय हात आपोआप चालत नाही की हो." चार भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या वाक्याची सत्यता निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. संकटाच्या क्षणी माणूस मातृभाषेत दचकतो आणि मातृभाषेतच विचार करतो. मग दोन संध्याकाळी आम्ही ती वही घेऊन बसलो, आणि एका साध्या वाटणाऱ्या कामाच्या पोटात काय काय दडलेले आहे, ते मला पाहावयास मिळाले.

फाटके दोन प्रकारची असतात. एक सिग्नलशी जोडलेले. तेथे गेट पुरते बंद होऊन कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला सिग्नल मिळत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की गेट उघडत नाही. माणूस चुकला तरी यंत्र त्याला आवरते. दुसरे फाटक असे जोडलेले नसते. तेथे सारा व्यवहार टेलिफोनवर चालतो. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर गेटमनला गाडीची खबर देतात. गेटमनने गेट लावावयाचे, कुलूप घालावयाचे, आणि मग आपल्याजवळच्या छापील तक्त्यातील पुढचा दोन आकडी क्रमांक मास्तरांना सांगावयाचा. याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. तो क्रमांक तक्त्यावर खोडला जातो आणि वेळेसह दोन्हीकडच्या वहीत लिहिला जातो. क्रमांक मिळाला, म्हणजे गेट बंद झाले, असे मास्तरांनी धरून चालावयाचे. त्यांना गेट दिसत नाही. त्यांना केवळ एक आकडा ऐकू येतो.

मला या व्यवस्थेतील मर्म इथेच आहे असे वाटते. शेकडो प्रवाशांची गाडी एका माणसाच्या शब्दावर सुटते. तो शब्दही कसा, तर दोन आकड्यांचा. ना शपथ, ना साक्षीदार. आपण मुलांना शिकवतो की जसे बोलावे तसे वागावे. फाटकावर हा क्रम उलटा आहे: आधी कृती करावयाची, मगच बोलावयाचे. कुलूप लागण्याआधी क्रमांक दिला, तर तो खोटा शब्द झाला, मग पुढच्या मिनिटाला गेट लावले तरीही. आणि मोह होतो तो नेमका याच ठिकाणी. रस्त्यावर वाहनांची रीघ लागलेली, समोरून उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर रुळांवर चढलेला, इकडे फोन वाजतो आहे. 'नंबर देऊन टाकू, ट्रॅक्टर उतरला की लावूच गेट' असे मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. दहापैकी नऊ वेळा काही बिघडतही नाही. आणि न बिघडणे हाच माणसाचा सर्वांत वाईट गुरू असतो, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार!

वहीतील दुसरा मोठा धडा होता अडथळ्याचा. रुळांवर वाहन बंद पडले, किंवा गेट मोडून लागेनासे झाले, तर काय करावयाचे? फाटकावर लाल झेंडा, रात्री लाल दिवा लावून तत्काळ मास्तरांना कळवावयाचे. मग ज्या दिशेने गाडी आधी येण्याचा संभव, त्या दिशेने लाल झेंडा दाखवीत धावत सुटावयाचे. ब्रॉडगेज मार्गावर ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधावयाचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. हा फटाका म्हणजे पत्र्याची चपटी डबी. चाक वरून गेले की तिचा मोठा आवाज होतो, आणि चालक गाडी थांबवतो. एवढे अंतर का, असे मी विचारले. उत्तर हिशेबात होते. वेगातली गाडी ब्रेक लावल्यावर थांबावयास सुमारे किलोमीटरभर जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १२०० मीटर अंतर ४३ सेकंदांत कापते. खडीवरून धावणाऱ्या माणसाला तेवढ्यालाच पाच-सहा मिनिटे लागतात. म्हणून विचार करीत उभे राहावयास तेथे सवडच नाही. वाटेतच गाडी दिसली, तर जेथे असू तेथेच फटाका बांधून मोकळे व्हावयाचे.

फाटकाच्या अलीकडे ६०० मीटरवर रुळाकडेला एक पिवळी पाटी असते. तिच्यावर 'सी/फा' अशी अक्षरे असतात. 'सीटी' आणि 'फाटक' या शब्दांची ती आद्याक्षरे. तेथून चालक शिटी वाजवतो. त्या वेगाच्या गाडीला पाटीपासून फाटकापर्यंत यावयास २२ सेकंद लागतात. शिटी ऐकून दांड्याखालून सायकल काढणाऱ्याला आपण किती वेळ उसना घेतला आहे, याची यावरून कल्पना यावी.

पाठ केलेला नियम आणि अंगी मुरलेला नियम यांतील अंतर आम्हां शिक्षकांना रोज दिसते. व्याकरणाचा नियम धडाधड म्हणून दाखवणारा मुलगा निबंधात तोच नियम मोडतो. म्हणून त्याच्या शिक्षकांनी योजलेली रीत मला फार पटली. ते 'नियम सांगा' असे म्हणत नसत. 'रात्रीचे दोन वाजले आहेत, फोन बंद पडला आहे, रुळावर बैलगाडीचा आस मोडला आहे. आता तुमचा पहिला हात कोठे जाईल?' असे विचारीत, आणि तोंडी उत्तरावर न भागवता झेंडा, दिवा, फटाके घेऊन प्रत्यक्ष करून दाखवावयास लावीत. गाडी जात असतानाही गेटमनने खोलीत बसून चालत नाही. बाहेर उभे राहून धूर, ठिणग्या, लोंबणारा एखादा भाग, तापलेला आस यांवर नजर ठेवावयाची, आणि काही वावगे दिसले तर लाल झेंडा दाखवून मास्तरांना कळवावयाचे. फाटकावरचा माणूस अशा रीतीने जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा तपासनीसही असतो.

याची किंमत काय, हे आपल्या देशाने फार दुःखाने जाणले आहे. तेलंगणातील मेदक जिल्ह्यात मासाईपेट येथे २४ जुलै २०१४ रोजी नांदेडहून येणाऱ्या पॅसेंजर गाडीने शाळेच्या बसला धडक दिली. उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेच्या गाडीतील १३ मुले गेली. या दोन्ही फाटकांवर माणूस नव्हता. त्यापूर्वीच, २०१२ साली, डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सर्वच समतल फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस केली होती, आणि त्यासाठी ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज दिला होता. सारी फाटके काही निघाली नाहीत; परंतु ब्रॉडगेजवरील माणूस नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर संपली. कोठे पूल झाले, कोठे भुयारी रस्ते, कोठे गेटमन नेमले गेले.

माणूस नेमला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नव्हे. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे पुन्हा शाळेच्या व्हॅनला गाडीची धडक बसली आणि तीन विद्यार्थी दगावले. तेथे गेटमन होता. फाटक मात्र सिग्नलशी जोडलेले नव्हते. त्यानंतर फाटकांवर कॅमेरे बसवावेत, गेटमन आणि मास्तर यांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण रोज तपासावे, आणि रहदारीचे माप १० हजारांवर असलेली फाटके सिग्नलशी जोडावीत, असे आदेश निघाले. हे माप पूर्वी २० हजार होते. दिवसाच्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची संख्या यांच्या गुणाकाराने ते ठरते. हे उपाय योग्यच आहेत. पण कॅमेरा पाहतो ते बहुधा घडून गेल्यावर. घडण्याच्या क्षणी तेथे असतो तो एक माणूस, त्याचे शिक्षण आणि त्याचा शब्द.

गेल्या वर्षी मी या विद्यार्थ्याला आमच्या शाळेत मुलांशी बोलावयास बोलावले. झेंडे, शिटी, दिवा पाहून मुले हरखून गेली. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, गेट बंद असताना ॲम्ब्युलन्स आली तर?"

वर्ग एकदम शांत झाला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मास्तरांना फोन करून विचारायचं बाळ. गाडी पलीकडच्या स्टेशनातनं सुटली नसली तर ते परवानगी देतात, मी उघडतो. सुटली असली तर नाही उघडत."

"पेशंट सीरियस असला तरी?"

"तरी. माणसं रडतात, पाया पडतात, शिव्या देतात. तरी नाही. ॲम्ब्युलन्समधला जीव मला दिसतोय. गाडीतली माणसं दिसत नाहीत. न दिसणाऱ्यांसाठी ठेवलंय मला तिथं."

इतक्या वर्षांच्या अध्यापनात कर्तव्याची याहून नेमकी व्याख्या मी वर्गात ऐकली नाही. क्रोधापुढे ठाम राहणे त्या मानाने सोपे. करुणेपुढे ठाम राहणे फार कठीण. गेटमनच्या शिक्षणाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड धडा हाच असावा. आणि तो एकट्या त्याच्यावर सोडून देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कारण फाटकावर शिक्षणाची गरज असलेले दोघे असतात. एक आतला, ज्याची परीक्षा होते. दुसरे आपण, ज्यांची कधीच होत नाही. बंद फाटक उघडणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या १६०व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत आणि मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे किती घरांत माहीत असते? गेटमनने नियम मोडावा म्हणून त्याच्यावर दबाव आणणारे आपणच, आणि अपघात झाला की त्याला धरा म्हणणारेही आपणच. 'अहो, गाडी अजून कुठे दिसतेय, सोडा की दोन मिनिटं' हे वाक्य आपल्याच तोंडी असते, आणि मागे बसलेले मूल ते ऐकत असते. घरात त्याला सत्याचे आणि संयमाचे शेकडो धडे दिले, तरी त्या दोन मिनिटांत ते जे शिकते ते पुसून काढणे शाळेला जमत नाही.

२०२५ सालीही देशात गेटमन असलेली सुमारे १७ हजार फाटके होती. पूल होतील तेव्हा होतील, आणि ते लवकर व्हावेत म्हणून आपण आग्रह धरलाच पाहिजे. तोवर गेट पडले की गाडीचे इंजिन बंद करावे, दांड्यापासून चार हात मागे उभे राहावे, मुलांना ती पिवळी पाटी दाखवावी, तिच्यावरील अक्षरांचा अर्थ सांगावा, आणि गेटमनशी 'तुम्ही' म्हणून बोलावे. ज्याच्या एका शब्दावर आपली मुले सुखरूप घरी येतात, त्याला तो शब्द पाळणे आपण अवघड तरी करू नये.