चढणीचे मासे

मुलगा ऑकलंडला आहे. गेल्या ईदला फोनवर म्हणाला, "अब्बा, या खेपेला तुम्ही आलात की एक दिवस मासे धरायला जाऊ. नदीत उभं राहून. ट्राउट. गाईड ठरवतो."

मला हसू आलं. राजिवड्याच्या खाडीकाठी जन्मलेल्या दालद्याच्या पोराला मासे धरायला गाईड! मोहल्ल्यात हे सांगितलं असतं तर चार दिवस चेष्टा झाली असती. पण पोराचा आवाज गंभीर होता. लहानपणी मी त्याला कधी होडीवर नेलं नाही. मलाही अब्बांनी सातवीनंतर होडीवर येऊ दिलं नाही. हातात पाटी दिली आणि पुढे मी मास्तर झालो. ते राहून गेलेलं कुठेतरी पोराच्या मनात असावं. म्हणून "बघू" म्हटलं. गाईडची एका दिवसाची फी नंतर कळली. माझी दीड महिन्याची पेन्शन. बीबीला आकडा सांगितलाच नाही.

मास्तरकीची खोड जात नाही. मी वही घातली आणि पोराला रोज प्रश्न पाठवू लागलो. जायचं होतं तुरांगीला. ऑकलंडहून सव्वातीनशे किलोमीटर, मोटारीने चार तास. तिथे टोंगारिरो नावाची नदी टाउपो तळ्याला मिळते. तळं म्हणजे सहाशे चौरस किलोमीटरहून मोठं. आपल्याला समुद्रच वाटावा. न्यूझीलंडमध्ये नदीत मासे धरायला लायसन लागतं आणि टाउपोचं लायसन बाकीच्या देशाहून वेगळं. आमिष म्हणून कोळंबी लावीन म्हटलं, तर तेही चालत नाही. नदीवर फक्त 'फ्लाय', म्हणजे पिसं नि केस बांधून केलेली खोटी माशी. बुटाच्या तळव्याला नमदा असेल तर त्यालाही 2008 पासून बंदी, कारण एका नदीचं शेवाळ त्यातून दुसऱ्या नदीत जातं. विमानतळावर वापरलेला गळ किंवा खाण्याचा जिन्नस लपवला तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. हे ऐकून बीबीने सोडे आणि सुकटीची पुडी गुपचूप पिशवीतून काढली.

सगळ्यात गंमत वाटली ती ही, की तिथे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. बाजारात मिळत नाही, हॉटेलात मागवता येत नाही. खायचा असेल तर स्वतः धरा नाहीतर धरणाऱ्याने दिलेला खा. आमच्या मिरकरवाड्यात हा कायदा आला तर काय होईल, या विचारानेच घाम फुटला.

नमाजचा प्रश्न होता. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून पाण्यात उभं राहायचं, मग वजू कसं? आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांना आधी त्या विजारीचं चित्र काढून दाखवावं लागलं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही मुसाफिर. जुहर-असर एकत्र करा. एकदाच काढा, एकदाच घाला." शाफई असण्याचा हा फायदा. (दुसरा फायदा खेकड्या-तिसऱ्यांचा. आमचे हनफी व्याही अजून आमच्या कालवणाकडे संशयाने बघतात.) किब्लाही वहीत लिहिला. तिकडून तो पश्चिमेला, पण जरासा दक्षिणेकडे झुकलेला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पोराने जुलैच्या सुट्टीचा दिवस पक्का केला. मी सहज विचारलं, जुलै का? तिकडे तर कडक थंडी. तो म्हणाला, "अब्बा, तोच तर मोसम. हिवाळ्यात ट्राउट तळ्यातून नदीत वर चढतात. अंडी घालायला. मोठमोठे मासे."

मी फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा मी आजोळी होतो. ओढ्याला लाल पाणी आलं आणि चढणीचे मासे लागले. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. खालून वर, प्रवाहाच्या उलटे, दगडावर आपटत, उड्या मारत मासे येतात. मामेभाऊ आणि मी टोपल्या, फडकी, जे हाताला लागेल ते घेऊन धावलो. धरायला अक्कल लागतच नव्हती. दुसऱ्या दिवशी टोपलीभर घेऊन मी ऐटीत घरी आलो. अब्बांनी एक मासा उचलला, पोटावर अंगठा फिरवला. गाभोळी बाहेर आली. दुसरा उचलला. त्यालाही तेच. मला ते एक शब्द बोलले नाहीत. अम्मीने कालवण केलं, सगळे जेवलो. अब्बा नुसता भात आणि कांदा खाऊन उठले. पुढे कधीतरी होडी ओढताना म्हणाले, "बालंतिनीला वाटेत गाठू नये."

अब्बा काही साधुसंत नव्हते. त्यांनी आयुष्यभर मासे मारले आणि विकले. मासळीला जबह लागत नाही, ती अल्लाहने आपल्याला तशीच हलाल केली, हे ते अभिमानाने सांगायचे. पण खेळ म्हणून जीव धरायचा नाही, हेही त्यांना तेवढंच ठाऊक होतं. नबी-ए-करीमनी जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करायला मनाई केली, हे त्यांनी कुठल्या किताबात वाचलं नव्हतं, वाजमध्ये ऐकलं होतं. आता तिकडचे लोक मासा गळाला लावतात, दमवतात, ओल्या हातांनी धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. यात मासा वाचतो, हे खरं. नदीत मासळी टिकते, हेही खरं. तरी माझ्या मनाला ते पटेना. भूक नाही, विक्री नाही, मग त्या जिवाच्या तोंडात लोखंड कशाला?

आणि हा मासा तरी तिथला कुठे? ब्राऊन ट्राउट 1867 साली टास्मानियातून न्यूझीलंडला आणला, रेनबो 1883 साली कॅलिफोर्नियातून. काश्मिरातही इंग्रजांनी 1900च्या सुमारास असाच नेऊन सोडला. टाउपो तळ्यात सोडल्यावर त्याने कोआरो नावाची तिथली बारीक मासळी जवळजवळ संपवली. त्या मासळीवर तूफारेतोआ या माओरी जमातीची पोटं भरत होती. मग 1926 साली कायदा करून तळ्याचा तळच सरकारने घेतला. बदल्यात जमातीला दरसाल रक्कम आणि लायसनच्या उत्पन्नात वाटा ठरला. तळाची मालकी परत मिळायला 1992 उजाडलं. हे वाचताना मला आमची खाडी आठवत होती. तिकडे निदान लायसनच्या पैशात वाटा ठरला.

दोन दिवसांनी पोराला फोन केला. त्याला वाटलं, मी नाही म्हणणार. म्हटलं, "येतो. पण चढणीच्या दिवसांत नको. आणि एक मासा घरी न्यायचा, खायला. तो मिळाला की गळ गुंडाळायचा."

"अब्बा, पूर्ण दिवसाचे पैसे भरायचे आणि एकाच माशावर थांबायचं?"

"मग उरलेला दिवस गाईडला चहा पाज."

तो गप्प झाला. रागावला असावा. जुलैची सुट्टी त्याने मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. उन्हाळ्यात जावं तर आता रमजान फेब्रुवारीकडे सरकलेला. रोजा धरून गार पाण्यात दिवसभर उभं राहणं मला झेपणार नाही. शेवटी ईद करून निघायचं आणि मार्चच्या अखेरीचा एक दिवस धरायचा, असं ठरलं. पोराने सुट्टी बदलून घेतली. काय खटपट केली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गाईडला पत्र मीच लिहिलं, पोराने इंग्रजी सुधारलं. उत्तर लगेच आलं. त्या दिवसांत थोडा वेळ होडीने तळ्यात जाऊ आणि मग नदी तळ्याला मिळते त्या मुखाशी उभे राहू, असं त्याने लिहिलं होतं. मुखाशी, म्हणजे आमच्या भाट्याच्या खाडीसारखंच की. एका माशाबद्दल त्याची काही हरकत नव्हती. दुपारी नमाजसाठी कोरडी, सपाट जागा दाखवीन म्हणाला. मासा मारायला तिकडे एक आखूड दांडकं असतं, त्याला ते 'प्रीस्ट' म्हणजे पाद्री म्हणतात. ते हातात द्यायचं की तो स्वतः वापरू, असंही विचारलं होतं. मी कळवलं, मीच वापरीन.

खाली एकच सवाल उरला होता. विजार आणि बूट तयार ठेवायचे, तेव्हा उंची, वजन आणि पायाचं माप कळवा. बीबीने जुनं वर्तमानपत्र जमिनीवर अंथरलं, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढू लागली.

"हलू नका," ती म्हणाली. "आणि फी किती आहे ते आता तरी सांगा."