बॅटरीची नाडीपरीक्षा

श्रीकृष्णाची द्वारका समुद्राच्या पोटांत गेली असें पुराणें सांगतात. नाशिकची द्वारका रोज वाहनांच्या पुरांत बुडते आणि रोज पुन्हां वर येते. मुंबई-आग्रा व नाशिक-पुणे हे दोन रस्ते येथें मिळत असल्यामुळें मोटारींवर पोट असलेले नाना प्रकारचे कारागीर या बाजूला दिसतात. त्यांपैकीं बॅटरीवाल्याकडे सुशिक्षितांची दृष्टि सहसा जात नाहीं. काळे हात, ॲसिडानें भोंकें पडलेला सदरा आणि नाकाला झोंबणारा वास, एवढेंच त्याचें दर्शनी वैभव. परंतु वस्तु टाकून देण्यापूर्वीं ती खरोखर मेली आहे काय हें पाहण्याची जी विद्या आम्हां पदवीधरांच्या घरांतून उठून गेली, ती त्याच्याजवळ अद्याप शिल्लक आहे.

२००५ नंतर महाराष्ट्रानें कांहीं वर्षें जें कडक भारनियमन सोसलें, त्या काळांत मध्यमवर्गाच्या घरीं इन्व्हर्टर येऊन बसला. देवांना जशी ईशान्य, तशी याला जिन्याखालची जागा. त्याच्या शेजारची ती ५०-६० किलोंची बॅटरी ही घरांतील सर्वांत जड आणि सर्वांत उपेक्षित वस्तु होय. तुळशीला पाणी घालण्यास कोणी विसरत नाहीं. हिलाहि पाणी लागतें हें ती कण्हूं लागल्यावर आठवतें. आतां शहरांत वीज पूर्वीइतकी जात नाहीं, त्यामुळें तर तिची आठवण व्हावयास कारणच उरलेलें नाहीं.

गेल्या वैशाखांत आमच्या घरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी दहा मिनिटांतच मान टाकूं लागली. एका दुकानदारानें ती न पाहतांच, केवळ वय विचारून, मृत ठरविली आणि नवीचा भाव सांगितला. आम्ही ती रिक्षांत घालून द्वारकेस नेली. “सर, आधीं नाडी पाहूं द्या,” मिस्त्री म्हणाले. सहा बुचें उघडून त्यांनीं प्रत्येक सेलमधील द्रव हायड्रोमीटरनें ओढून पाहिला. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरींत विशिष्ट गुरुत्व १.२४० च्या आसपास असावयाचें. येथें सहाहि सेलांत तें १.१५० च्या जवळ उतरलें होतें. आम्ही खिन्न झालों. मिस्त्री मात्र खूष दिसले. “सहाही सारखे उतरले आहेत. ही उपाशी आहे, मेलेली नाहीं. एकच सेल बसला असता तर मी हात लावला नसता.”

हें उपाशी राहणें म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. १८५९ सालीं गॅस्टन प्लांते या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत ठेवून पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली. तेंच तत्त्व आजहि चालू आहे. वीज खर्च होते तेव्हां आम्लाचा अंश शिशाच्या सल्फेटच्या रूपानें पट्ट्यांवर बसतो व द्रव सौम्य होतो. वीज भरली म्हणजे तो अंश द्रवांत परततो. मोटार सुरू करणारी बॅटरी क्षणभर जोर करणाऱ्या पैलवानासारखी. तिच्या पट्ट्या पातळ. घरची बॅटरी वारकऱ्याच्या जातीची, जाड पट्ट्यांची, सावकाश व लांब चालणारी. पण वारकऱ्यालाहि मुक्कामीं पोटभर जेवण लागतें. बॅटरी नेहमीं अर्धपोटीं ठेवली, किंवा ती रिकामी असतां कुटुंब दोन महिने गांवीं गेलें, कीं सल्फेटचे बारीक कण मोठे व कठीण होत जातात आणि मग साध्या भरण्याला दाद देत नाहींत.

मिस्त्रींचा उपाय मंद होता. प्रथम त्यांनीं पट्ट्या बुडतील एवढेंच बॅटरीचें पाणी घातलें; ॲसिडाचा थेंबहि नाहीं. आम्लाचा अंश पट्ट्यांवर बसलेला असतां वरून नवें ॲसिड ओतणें म्हणजे वजन वाढावें म्हणून काटाच खोटा करणें होय. हायड्रोमीटर फसतो आणि पट्ट्या झिजतात. मग ४ अँपिअरच्या प्रवाहावर तीन दिवस भरणें, बॅटरी तापली कीं थांबणें, दर कांहीं तासांनीं गुरुत्व खडूनें भिंतीवर लिहिणें. शेवटीं आंकडा १.२३० वर स्थिर झाला. पूर्वीं ती तीन तास चाले, आतां अडीच तास चालते. याहून अधिकाचें वचन मिस्त्रींनीं दिलेंहि नव्हतें.

या मंदपणाचाच लोकांना कंटाळा, आणि त्यावर चूर्णें विकणारांचा धंदा चालतो. अमेरिकेंत एडी-एक्स-२ नांवाचें असेंच एक चूर्ण निघालें होतें. त्यांत मुख्यतः सोडियम व मॅग्नेशियम यांचीं सल्फेटें असत. तेथील राष्ट्रीय मानक संस्थेनें तपासून तें निरुपयोगी ठरविलें, तेव्हां १९५३ सालीं संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच पद सोडण्यास सांगण्यांत आलें! शास्त्रज्ञांनीं गिल्ला केला म्हणून ते परत आले.

घरीं करावयाचें तें फार थोडें. महिन्यांतून एकदां पाण्याची पातळी पाहावी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर, बुचें घट्ट लावून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून काढावा व वर व्हॅसलीन लावावें. दसऱ्याच्या यंत्रपूजेंत कांहीं घरीं बॅटरीपुढेंहि उदबत्ती लावतात. भक्ति चांगली, पण भरत असतां तींतून हायड्रोजन वायु निघतो. तेव्हां हळदकुंकवावर भागवावें.

त्याच दिवशीं दुकानांत आलेली दुसरी एक बॅटरी मात्र वांचण्यासारखी नव्हती. पांच सेल ठीक, सहावा निव्वळ पाणी. मालक ती भंगारवाल्याला देण्यास निघाले. येथें गोष्ट पैशाची राहत नाहीं. बेकायदा भट्ट्यांवर अशा बॅटऱ्या फोडून शिसें वितळवितात, आणि त्या धुळीबरोबर व धुराबरोबर तें भोंवतालच्या मुलांच्या रक्तांत उतरतें. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानें जगांतील ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तांत शिशाचें प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असल्याचा अंदाज दिला, आणि बॅटऱ्यांचें असें वितळविणें हें त्याचें एक प्रमुख कारण सांगितलें. भारतांत २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मिस्त्रींनीं एवढें कांहीं सांगितलें नाहीं. “नवी घ्याल तिथेंच जुनी द्या, किंमतींत वळती करतात,” एवढेंच ते म्हणाले. भंगारवाल्याचा भाव दोनशें रुपयांनीं अधिक होता. मालक थोडा वेळ उभे राहिले आणि मग रिक्षावाल्याला त्यांनीं दुकानाचा पत्ता सांगितला.