खोटा गाभ आणि ऑपरेशनची तारीख

आज द्राक्षावर नाही, वस्तीवरच्या कुत्रीवर लिहितोय. पण दिवस मोजायचा हिशोब आपल्या बागेसारखाच आहे, म्हणून इथंच लिहितो.

आमची वस्ती निफाड तालुक्यात, कादवेच्या अंगाला. आजूबाजूला ऊस, म्हणजे बिबट्या आलाच. रात्री कुत्रं भुंकलं नाही तर आपल्याला झोप लागत नाही. आधी चंद्री नावाची कुत्री होती. माजावर येऊन गेल्यावर महिन्याभरात ती खायची बंद झाली, पाणी मात्र बादलीभर प्यायची. आम्ही म्हटलं, उन्हाचं असेल. डॉक्टरकडं नेली तेव्हा गर्भाशयात पू झालेला होता, उशीर झाला होता. ती गेली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या कुत्रीची पिशवी वेळेत काढून घ्यायची.

आता आहे ती मैना. वय तीन वर्षं, वजन अठरा किलो. यंदा १२ ऑगस्टला तिला माजाचं रक्त दिसलं. तीन आठवडे खताच्या खोलीत कोंडून ठेवली. त्यातही एक रात्र कडी निघाली आणि ती पहाटेपर्यंत बाहेर होती. ऑपरेशनची तारीख मीच घेतली, १० ऑक्टोबर. हिशोब सोपा होता, पहिल्या प्लॉटची फळछाटणी तोवर उरकणार होती. माझ्या सोयीची तारीख धरली, तिच्या अंगात काय चाललंय ते बघितलंच नाही.

६ ऑक्टोबरला सकाळी ती ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या ढिगाखाली खड्डा उकरून बसलेली दिसली. खड्ड्यात बारदान ओढून नेलेलं, त्यावर नातवाचा एक पायमोजा, एक रबरी चेंडू आणि आपला पेस्टिंगचा हातमोजा. हातमोजा बघून माझं काळीजच हाललं. हायड्रोजन सायनामाइड लागलेली वस्तू ती चाटत बसली असती तर? तो आधी काढला, साबणाने हात धुतले आणि तेव्हापासून पेस्टचं सगळं सामान कुलपात. बाकीच्या वस्तूंना मात्र ती पिल्लासारखी पोटाशी धरून होती. नातू चेंडू घ्यायला वाकला तर गुरगुरली. एरवी तो तिच्या पाठीवर बसतो. कास भरलेली, सडाला दूध.

घरात दोन मतं. मंडळींना तिची दया आली, म्हणाल्या, "व्यायला झालीय बिचारी, दूध-भाकरी वाढवा." मला वाटलं, कास तटतटलीय तर थोडं पिळून मोकळं करावं. पिळलं, वर कोमट पाण्याचा शेक दिला. दुसऱ्या दिवशी कास आणखी फुगली.

मंडळी, ही चूक मी करायला नको होती. दावणीला दोन गाई आहेत. गाय आटवताना आपण काय करतो? धार बंद करतो, खुराक कमी करतो. रोज पिळत राहिलं तर गाय आटत नाही, हे दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. पण कुत्रीच्या बाबतीत ते डोक्यात आलं नाही.

८ तारखेला पशुवैद्यकांकडं नेली. त्यांनी पहिला प्रश्न केला, कुत्र्याजवळ गेली होती का? मी त्या एका रात्रीचं सांगितलं. ते म्हणाले, मग अंदाजावर औषध देणार नाही. नाशिकला सोनोग्राफी केली. पिल्लं नव्हती, आणि चंद्रीसारखा पूही नव्हता. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत मी बाहेर बाकावर बसून होतो, डोळ्यापुढं चंद्रीच.

याला खोटा गाभ म्हणतात. डॉक्टरांनी जे समजावलं ते आपल्या भाषेत सांगतो. गाय गाभण राहिली नाही तर साधारण २१ दिवसांनी उलटते. कुत्रीचं तसं नाही. गाभ राहो न राहो, माजानंतर तिच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन दोनेक महिने पाझरतच राहतं, अगदी गाभणीसारखं. दोन महिन्यांच्या आसपास ते उतरतं आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं. शरीराला वाटतं, पिल्लं झाली. म्हणून दूध येतं, घर करणं येतं, राखण करणं येतं. त्यात येड लागल्यासारखं काही नाही, आजार म्हणावा असंही बहुतेक वेळा काही नाही. दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच कुत्र्या आपोआप मोकळ्या होतात.

मी म्हटलं, मग परवाचं ऑपरेशन करून टाका, मूळच काढा. ते म्हणाले, "आत्ताच नको. अंडाशय काढलं की उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येईल आणि प्रोलॅक्टिन वरच राहील. दूध आटायचं सोडून हा प्रकार महिनोन् महिने रेंगाळू शकतो. शिवाय कास भरलेली असताना चिरा द्यायचा म्हणजे रक्तही जास्त जातं." गर्भाशयात पू असता तर मात्र थांबायचं नव्हतं, तेव्हा ऑपरेशन हाच उपाय, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आम्ही काय केलं ते देतो.

पिळणं, शेकणं, तेल चोळणं बंद. तिला स्वतःला चाटता येऊ नये म्हणून नातवाचा जुना बनियन घातला. चाटण्यानेसुद्धा दूध वाढतं.

दूध बंद, भाकरी थोडी कमी. पाणी मात्र तोडलं नाही.

चेंडू, पायमोजा हिसकावून घेतला नाही. ती बाहेर गेली की एकेक करून उचलला. खड्डा बुजवला. नातवाला आठवडाभर तिच्यापासून लांब ठेवलं.

सकाळ-संध्याकाळ बागेच्या कडेने लांब फेरी. छाटणीच्या मजुरांसोबत दिवसभर प्लॉटवर ठेवली. मन दुसरीकडं लागलं.

गुरगुरणं जास्त होतं म्हणून डॉक्टरांनी वजनावर मोजून कॅबरगोलीनची गोळी सात दिवस दिली, खाण्यानंतर. पहिल्या दिवशी उलटी झाली, पुढं नाही. ही गोळी माणसाच्या मेडिकलमध्ये मिळते म्हणून कोणी स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्री खरंच गाभण असेल तर तिचा गाभ पडतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही मनाने देऊ नका, त्याने प्रोलॅक्टिन उलट वाढतं.

रोज कासेला हात लावून बघायला सांगितलं होतं. एखादा सड दगडासारखा घट्ट, गरम, लाल झाला, किंवा ताप आला तर ती आपल्या गाईसारखी दगडी, म्हणजे कासदाह. तसं झालं नाही. २० ऑक्टोबरला कास बसली. मैना पुन्हा फाटकाशी झोपायला लागली.

ऑपरेशन १६ डिसेंबरला झालं, माजापासून चार महिन्यांनी. दूध आटून दीड महिना उलटलेला, अंडाशय शांत. दहा दिवसांनी टाके काढले. आता ती पहिल्यासारखी उसाकडं तोंड करून भुंकते.

आपण छाटणीनंतरचा प्रत्येक दिवस वहीत लिहितो. कितव्या दिवशी डिपिंग, कितव्या दिवशी विरळणी, सगळं दिवसांवर. वस्तीवरच्या कुत्रीला मात्र तारीख नसते. एवढंच करा. माजाचं रक्त दिसलं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. महिन्यापासून अडीच महिन्यांपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवा. खाणं सुटलं, तहान वाढली, मागून घाण येतेय, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण पू होण्याचे दिवसही हेच असतात आणि कधी कधी बाहेर काहीच दिसत नाही. आणि ऑपरेशनची तारीख घेताना तीन-चार महिने मोजून घ्या, दूध असेल तर ते आटल्यावर महिनाभर जाऊ द्या.

चंद्रीच्या वेळी माझ्याकडं तारीख नव्हती. मैनेची माझ्या छाटणीच्या वहीतच आहे, मागच्या पानावर.

पशुवैद्यक मंडळींनी काही चुकलं असेल तर सांगावं, दुरुस्त करीन.