पुलाचा चढ

पहाटे शहाडच्या उड्डाणपुलावर धावताना आधी थकतं ते मन. पाय ताजे असतात, श्वास लयीत असतो, तरी चढ दिसला की आतून कुणीतरी म्हणतं, आज राहू दे. खालून कसाऱ्याची लोकल खडखडत जाते, कठडा थरथरतो. मी पुढच्या दिव्याच्या खांबावर नजर ठेवते. तो गाठला की त्याच्या पुढचा.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे, ४२.१९५ किलोमीटर. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर लागतो, स्नायूंतला साखरेचा साठा संपत आलेला असताना. म्हणून मी पूल टाळत नाही. दमले असताना स्वतःशी कसं बोलायचं, ते इथेच शिकायचं आहे. दरडावून उपयोग होत नाही, मन अधिकच अडून बसतं. त्याला हळू सांगावं लागतं, भीती वाटतेय ना, वाटू दे, चल सोबत.

अशा वेळी बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवतात. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले, १९ वे आले. त्या परक्या रस्त्यावर शेवटच्या टप्प्यात ते मनाशी काय बोलले असतील? कुठल्या भाषेत? मला याचं फार कुतूहल आहे.

आई विचारते, एवढं धावून पोचायचं कुठे? बिर्ला मंदिरातल्या विठोबासमोर हात जोडताना मीही तेच विचारते. उत्तर अजून सापडलेलं नाही. रविवारी टिटवाळ्यापर्यंतचा लांब पल्ला आहे, आणि त्याची धास्ती आत्तापासूनच पोटात आहे.